झोपायचंच नाही तर खोली कशाला? पॉइंट्ससाठी रिकामं बुकिंग – गैर आहे का?

खारे_दाणे (एडिसन, न्यू जर्सी) | ११ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कामानिमित्त मी महिन्यातनं दोनतीनदा फिरतो, त्यामुळे एका मोठ्या हॉटेल साखळीच्या मेंबरशिपमध्ये यंदा माझ्या ४६ रात्री झाल्यात. ५० झाल्या की वरचं कार्ड मिळतं, ते पुढचं अख्खं वर्ष चालतं, ब्रेकफास्ट, लाउंज, दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची सोय वगैरे. आणि ३१ डिसेंबरला मीटर परत शून्यावर. डिसेंबरात क्लायंटकडे सगळं फ्रीझ असतं, म्हणजे प्रवास नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी गत.

तर घरापासून वीस मिनिटांवर, विमानतळाच्या बाजूला, त्याच साखळीचं साधंसं हॉटेल आहे. टॅक्स धरून ९८ डॉलर रात्रीचे. चार रात्री म्हणजे ३९२. प्लॅन असा की संध्याकाळी जायचं, चेक-इन करायचं, चावी खिशात टाकायची आणि घरी येऊन आपल्या गादीवर झोपायचं, सकाळी अ‍ॅपवरून चेक-आउट. इकडे ह्याला मॅट्रेस रन म्हणतात. नुसते माइल, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट्स, जमवायला विमानात बसून परत येणारे लोक असतात, त्या माइलेज रनचा हा चुलतभाऊ.

मला ह्यात काही वावगं वाटत नव्हतं, पैसे माझे, खोली माझी. पण बायकोला सांगितलं तर आधी ती हसली आणि मग म्हणाली, "तुला कुणी विचारलं काल रात्री कुठे होतास, तर काय सांगशील?" तेव्हापासून अडकलोय. तुमचं मत सांगा.

सदाशिव_तिरपा (पुणे) | १२ डिसेंबर, सकाळी ७:०५

३९२ डॉलर म्हणजे आजच्या भावाने ३५ हजार रुपये. ३५ हजार भरून आपण कुठेच जायचं नाही, घरी झोपायचं, आणि त्याबद्दल पुढल्या वर्षी फुकट ऑम्लेट खायचं. फुकट ते पौष्टिक हे आम्ही पुणेकर पण मानतो पण त्यातला 'फुकट' हा शब्द महत्त्वाचा असतो हो. नैतिक-अनैतिक नंतर बघू, आधी हे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे.

खारे_दाणे | १२ डिसेंबर, सकाळी ८:१०

सदाशिवराव, हिशोब केलाय. जुलैमध्ये भारतात येतोय, ११ रात्री हॉटेलात, आम्ही चौघं. मुंबईत त्या दर्जाच्या हॉटेलात ब्रेकफास्ट माणशी १८०० धरा. ११ गुणिले ४ गुणिले १८०० म्हणजे ७९,२००. अर्ध्यापेक्षा जास्त वाचतात.

लेजर_लाडू (ठाणे) | १२ डिसेंबर, सकाळी ९:३२

दाणे, नियम नीट वाचा. ब्रेकफास्ट बहुतेक ठिकाणी मेंबर आणि सोबत एक जण एवढ्यांनाच असतो, मुलांचं हॉटेलच्या मर्जीवर. म्हणजे तुमचे ७९,२०० झाले ३९,६००, आणि खर्च ३५ हजार. उरले साडेचार हजार. त्यात चार वेळा विमानतळापर्यंतचं पेट्रोल आणि टोल.

आता नीतीकडे. मी सीए आहे, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो की नुकसान कुणाच्या वहीत दिसतंय. लोकांना वाटतं हॉटेल म्हणजे ती कंपनी. तसं नसतं, बरीचशी हॉटेलं वेगळ्या मालकाची असतात, कंपनी फक्त नाव आणि सिस्टिम देते. तुम्ही ९८ डॉलर दिलेत ते मालकाला मिळाले. त्यातला काही टक्का तो पॉइंट्सच्या योजनेसाठी कंपनीकडे भरतो. तुम्ही झोपला नाहीत म्हणजे चादर धुवायची नाही, टॉवेल नाही, गरम पाणी नाही. मालकाच्या दृष्टीने तुमच्याइतकं गुणी गिऱ्हाईक नाही!

पॉइंट्सचं म्हणाल तर भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ ह्या हिशोबाच्या नियमाप्रमाणे त्या पॉइंट्सच्या किमतीइतकं उत्पन्न कंपनी लगेच दाखवत नाही, देणं म्हणून बाजूला ठेवते. तिकडेही तत्त्व तेच. म्हणजे हा खर्च त्यांनी आधीच मोजलेला आहे, तुम्ही कुणाच्या खिशात हात घातलेला नाही.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा. ह्या कंपन्या स्वतःच न झोपलेल्या रात्री वाटतात. मॅरियटच्या योजनेत वरच्या प्लॅटिनम कार्डाला ५० रात्री लागतात, पण आपल्याकडचं त्यांचं एचडीएफसीचं क्रेडिट कार्ड घेतलं की वर्षाला १० रात्री आपोआप जमा होतात. घरी बसून, मच्छरदाणीत झोपून. मग दाण्यांनी चार रात्री रोख पैसे मोजून घेतल्या तर कसलं पाप?

सदाशिव_तिरपा | १२ डिसेंबर, सकाळी ९:५०

मच्छरदाणीतल्या रात्री मोजणार असतील तर माझी सगळ्यात वरची अ‍ॅम्बॅसेडर लेव्हल कधीच झाली.

मावशी_नाशिक | १२ डिसेंबर, दुपारी २:१५

मला ह्यातलं पॉइंट वगैरे कळत नाही पण रुमाल कळतो. आमच्या काळी एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. दारातून धक्के खात आत गेलेली बाई बघते तर सगळ्या बाकड्यांवर रुमाल, माणूस एकही नाही. तुम्ही हॉटेलात रुमाल टाकताय.

तेच गणपतीच्या गाड्यांचं. बुकिंग उघडलं रे उघडलं की लोक तीन-तीन तारखांची तिकिटं काढून ठेवतात, कुठली रजा मिळेल ते माहीत नाही म्हणून. नंतर दोन रद्द करतात. आणि ज्याला एकाच तारखेला जायचंय तो वेटिंगवर. आता १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी बुकिंग उघडतं तरी परिस्थिती तीच आहे. पैसे भरले म्हणजे सगळं रास्त झालं असं मला तरी वाटत नाही.

खारे_दाणे | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

मावशी, रुमालाचे पैसे नसतात ना पण. मी पूर्ण भाडं देतोय. आणि डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात ते हॉटेल अर्धं रिकामं असतं, अ‍ॅपवर दिसतं, कुणाची जागा अडत नाही. नाताळच्या आदल्या रात्री किंवा स्नो पडून विमानं रद्द झालेल्या रात्री मी नाही करणार हे नक्की.

मावशी_नाशिक | १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

एवढं केलंत तरी पुष्कळ. पण समजा दोन सीटची तिकिटं काढली आणि दुसरीवर पिशवी ठेवली, पैसे भरलेत, गाडी भरली, समोर बाई उभी आहे. पिशवी उचलाल की तिकीट दाखवाल?

लेजर_लाडू | १२ डिसेंबर, रात्री १०:११

मावशी, तुमची पिशवी अमेरिकेत खरंच घडलीये!! अमेरिकन एअरलाइन्सने ऐंशीच्या दशकात एक पास काढला होता, एकदा रक्कम भरा आणि आयुष्यभर हवं तितकं फिरा. शिकागोच्या एका गुंतवणूकदाराने १९८७ मध्ये अडीच लाख डॉलर भरून घेतला, नंतर सोबत्याचाही पास घेतला. एकवीस वर्षं फिरला. मग २००८ मध्ये कंपनीने पास बंद केला. आरोप काय, तर शेजारची सीट रिकामी राहावी म्हणून तो खोट्या नावाने बुकिंग करायचा, त्यातलं एक नाव 'बॅग', आडनाव त्याचंच. बॅगेच्या नावाने तिकीट! प्रकरण कोर्टात गेलं.

ह्याच्या उलट बाजूचा माणूस पण सांगतो, कॅलिफोर्नियातला इंजिनिअर डेव्हिड फिलिप्स. १९९९ मध्ये एका खाद्य कंपनीची ऑफर होती की पाकिटांवरचे बारकोड पाठवा आणि विमानाचे माइल घ्या. ह्याने हिशोब केला की २५ सेंटला मिळणारं पुडिंग घेतलं तर तिकिटापेक्षा फार स्वस्तात माइल मिळतात. १२,१५० पुडिंगचे कप घेतले, साधारण ३,१४० डॉलरला, आणि साडेबारा लाख माइल मिळवले. एवढी लेबलं काढणार कोण? त्याने साल्व्हेशन आर्मी ह्या धर्मादाय संस्थेला सांगितलं, पुडिंग तुम्ही घ्या, गरिबांना वाटा, फक्त लेबलं काढून द्या. वर दानाची करसवलत पण घेतली. मला त्यात काही चूक दिसत नाही, दाण्यांचंही तसंच.

सदाशिव_तिरपा | १२ डिसेंबर, रात्री १०:३०

करसवलत पण घेतली म्हणजे तो मूळचा आमच्या पेठेतला असणार.

पण लाडूशेठ, पुडिंग कुणीतरी खाल्लं ना? दाण्यांची खोली कोण खाणार?

निळावंती (बोस्टन) | १३ डिसेंबर, पहाटे ५:४८

मी पण हेच लिहिणार होते. बाहेर उणे पाच, लोक रस्त्यावर झोपतात आणि आपण गरम केलेली रिकामी खोली विकत घेतोय, हे मला आतून खटकतं. पण त्याचवेळी कबूल करते की दाण्यांनी खोली घेतली नाही म्हणून त्या माणसाला ती मिळणार नव्हतीच. आणि आपल्या नावाच्या खोलीत दुसऱ्याला झोपवता येत नाही, काही झालं तर जबाबदार तुम्ही. त्यामुळे हा मुद्दा मी मांडते आणि मीच मागे घेते.

पाव_प्रेट्झेल (फ्रँकफुर्ट) | १३ डिसेंबर, दुपारी १:२०

तुम्ही सगळे खोलीवरच बोलताय. इकडे जर्मनीत पहिला प्रश्न विचारतात, पैसे कुणाचे? २००२ च्या उन्हाळ्यात इकडे बोनस माइलचं मोठं प्रकरण झालं. सरकारी कामाच्या विमान प्रवासाचे लुफ्तान्साचे माइल काही पुढाऱ्यांनी खाजगी फिरण्यासाठी वापरले होते ते वर्तमानपत्रात आलं. ग्रेगोर गिझी तेव्हा बर्लिन राज्याचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री, त्यांनी ३१ जुलैला राजीनामा दिला. ग्रीन पक्षाचे खासदार चेम ओझ्देमिर ह्यांनाही पक्षातलं पद सोडावं लागलं. आणि गंमत बघा, त्याच्या जेमतेम सात महिने आधी अमेरिकेने कायदा करून आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की सरकारी प्रवासाचे माइल तुमचेच, खुशाल वापरा. इकडे त्यावरून मंत्री घरी गेला, तिकडे तो कर्मचाऱ्याचा हक्क.

दाणे, तुमच्या ४६ पैकी किती रात्री कंपनीच्या पैशाच्या आहेत?

खारे_दाणे | १३ डिसेंबर, दुपारी ३:०५

४१. पण आमच्या कंपनीत पॉलिसीतच लिहिलंय की पॉइंट्स कर्मचाऱ्याचे. आणि त्या सगळ्या रात्री मी खरंच तिथे झोपलोय, एका ठिकाणी तर ढेकूण होते.

बेंचवरचा_बाळू (हिंजवडी, आधी ओहायो) | १३ डिसेंबर, रात्री ११:५५

बरेच दिवस मनात होतं आज लिहूनच टाकतो. मी २०१६ ते १८ कोलंबसला क्लायंटकडे होतो, घर न्यू जर्सीला, सोमवारी पहाटे विमान पकडायचं आणि गुरुवारी रात्री परत, आमच्यातले निम्मे लोक असेच जगायचे. आता नियमानं बघायला गेलं तर गुरुवारी चेक-आउट आणि सोमवारी परत चेक-इन, पण आम्ही खोली सोडायचोच नाही, बुकिंग सलग ठेवायचो, कारण काय तर कपडे तिथेच राहतात, सामान ओढत न्यायला नको, आणि सलग महिन्याचा रेट कमी पडतो म्हणून मॅनेजरला पण पटवलेलं. रेट थोडा कमी पडायचा हे खरं. पण गुरु-शुक्र-शनि-रवि अशा चार रात्री दर आठवड्याला खोली रिकामी आणि त्या रात्री माझ्या खात्यात. वीस आठवड्यांत ऐंशी रात्री राव! न झोपता! सगळ्यात वरचं कार्ड आलं, त्याच्यावर हनिमूनला मालदीवला स्वीट मिळाला, बायको म्हणाली तुम्ही किती मोठे आहात.

बिल क्लायंटला जायचं. क्लायंट म्हणजे एक विमा कंपनी, म्हणजे शेवटी कुणाच्यातरी हप्त्यातनंच. एकदा क्लायंटच्या फायनान्समधल्या बाईने विचारलं की विमानाच्या तिकिटावर गुरुवारी परतीचा प्रवास दिसतोय आणि हॉटेल सात दिवसांचं कसं, तर मॅनेजरने ते महिन्याच्या रेटचं गणित पुढं केलं. गणित खोटं नव्हतं पण मी त्या मीटिंगमध्ये खाली मान घालून लॅपटॉपकडे बघत होतो. रेट वाचतो म्हणून खोली ठेवली का रात्री मिळतात म्हणून ठेवली, हे मला माहीत होतं ना.

दाणेसाहेब निदान स्वतःच्या खिशातनं करतायत. मी तर दुसऱ्याच्या खिशातनं केलं.

लेजर_लाडू | १४ डिसेंबर, सकाळी ८:४०

बाळू, हे लिहिलंत त्याबद्दल दाद देतो. पण एक विचारतो, चार रात्रींचं भाडं धरूनही सलग रेटने एकूण बिल कमी येत होतं का? तसं असेल तर क्लायंटचा फायदाच झाला.

बेंचवरचा_बाळू | १४ डिसेंबर, सकाळी ८:५८

पहिले दोन महिने कमी येत होतं. नंतर हॉटेलने रेट वाढवला तेव्हा मी परत हिशोब केला नाही. मुद्दाम केला नाही.

काउंटर_दोन (कोल्हापूर) | १४ डिसेंबर, दुपारी ४:३३

इथे पहिल्यांदाच लिहितेय. नऊ वर्षं फ्रंट ऑफिसला होते, आधी गोव्यात मग मुंबईत, त्यातली तीन वर्षं नाइट. आता हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवते. तुमची चर्चा वाचून हसू पण आलं आणि राग पण, कारण मालक, कंपनी, पुडिंगवाला, जर्मनीचा मंत्री सगळे आले, फक्त काउंटरवरची मुलगी आली नाही.

तुम्ही चेक-इन करून निघून जाता तेव्हा आमच्याकडे काय होतं ते सांगते. सिस्टिममध्ये तुमची खोली ऑक्युपाइड. दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंग जातं, बेड जसाच्या तसा, बाथरूम कोरडं, सामान नाही. ते लिहितात रिकामी. आमच्याकडे भरलेली, त्यांच्याकडे रिकामी, ह्याला डिस्क्रिपन्सी म्हणतात आणि ती कुणीतरी निस्तरावी लागते. मग फोन करा, उचलत नाही. सुपरवायझर जाऊन दार वाजवणार, सिक्युरिटीला बोलावणार, ड्यूटी मॅनेजरसमोर मास्टर की ने उघडणार. दार उघडताना प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो कारण कधीकधी आत काय सापडतं ते तुम्हाला सांगत नाही. गेस्ट रात्री बाहेर राहिला तर स्लीप-आउट अशी नोंद होते. आणि सामान नसलेला गेस्ट आला तर त्याला आमच्या भाषेत स्कँटी बॅगेज, त्याचे सगळे पैसे आधीच घ्यायचे आणि त्याच्यावर जरा लक्ष ठेवायचं, पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. २०१७ साली लास व्हेगासला हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार झाला त्यानंतर तर बऱ्याच साखळ्यांनी 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी असली तरी ठरावीक वेळाने खोली बघायचीच असं केलं. तुमची रिकामी खोली तेव्हा फुकट कुणाचीतरी झोप उडवते.

आणि मुख्य गोष्ट. प्रत्येक शिफ्टला आम्ही इन-हाउस लिस्ट काढून ठेवतो, कोणत्या खोलीत कोण आहे, किती माणसं. कशासाठी? आग लागली, अलार्म वाजला तर खाली पार्किंगमध्ये ती लिस्ट घेऊन मोजायला. माझ्या नोकरीत एकदाच खरा धूर झाला, चौथ्या मजल्यावर, पहाटे तीनला. सगळे खाली, लिस्टवर टिका मारतेय, एक नाव राहिलं. फायर ब्रिगेडच्या माणसाला मी सांगितलं चारशे अकरामध्ये एक गेस्ट आहे. ते दोघं परत वर गेले, मास्क लावून. खोली रिकामी होती. गेस्ट अंधेरीत मावसभावाकडे झोपला होता, खोली कंपनीने घेतलेली म्हणून सोडली नव्हती. सकाळी दहाला आला, वर आणि विचारतोय नाश्ता संपला का.

त्याने पैसे भरले होते. कुणालाच लुबाडलं नव्हतं. लाडूभाऊंच्या वहीत ह्याची नोंद कुठे होईल ते मला सांगा.

निळावंती | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

अंगावर काटा आला.

मावशी_नाशिक | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:४५

पोरी, बरं केलंस लिहिलंस.

लेजर_लाडू | १४ डिसेंबर, रात्री ९:०२

काउंटरताई, नोंद कुठेच होणार नाही. मान्य. मी नुकसान म्हणजे पैशाचं एवढंच धरून चाललो होतो.

तरी एक शंका. लोक हॉटेलात सामान ठेवून रात्रभर बाहेर असतातच की. लग्नाला जातात, मित्राकडे थांबतात, बारमध्ये पहाट होते. त्यांचीही नावं लिस्टवर असतात. मग दाण्यांनाच वेगळं का धरायचं?

काउंटर_दोन | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

बरोबर आहे, असतात. म्हणून तर आम्ही दार उघडून बघतो. पण जो लग्नाला गेलाय तो येणार असतो, त्याची बॅग आत असते, त्याचा फोन लागला तर तो सांगतो मी बाहेर आहे. तुमचा माणूस मुळात आम्हाला तो आहे असं वाटावं म्हणूनच सही करतो. त्याला रात्र मिळते ती त्याच गैरसमजाची. मी काही त्याला चोर म्हणत नाहीये, मी एवढंच म्हणतेय की खोटं तो बोलतो आणि रजिस्टर माझं खराब होतं.

भारतात तर आणखी. समोरचा कोण आहे, ओळखपत्र कोणतं, कुठून आला कुठे चालला हे लिहून घ्यावं लागतं, परदेशी पासपोर्ट असेल तर सी फॉर्म भरायचा. पोलिस आले की ते रजिस्टर मागतात. त्यात एक माणूस आहे आणि तो नाहीये.

सदाशिव_तिरपा | १४ डिसेंबर, रात्री ९:५५

म्हणजे दाण्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारला तोच हा. ते ३९२ डॉलर वहिनींना द्या सल्ल्याची फी म्हणून.

पाव_प्रेट्झेल | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

मग सरळ सांगून टाकलं तर? काउंटरवर जाऊन म्हणायचं, पैसे घ्या, मला रात्र हवीये, मी झोपणार नाही, लिस्टमध्ये लिहा खोली रिकामी आहे. आगीचा प्रश्न सुटला, रजिस्टरचा सुटला.

काउंटर_दोन | १५ डिसेंबर, दुपारी १२:१५

सुटतो पण तुमचा, माझा नाही. योजनेच्या नियमात रात्र मोजायची तर गेस्टने चेक-इन करून राहायला हवं, नो-शोची रात्र मोजत नाहीत. रात्री दोन-तीनच्या सुमाराला नाइट ऑडिटला दिवस बंद होतो, तोपर्यंत जो आला नाही त्याला आम्ही नो-शो करतो. आता तुम्ही येऊन खरं सांगितलंत, तर मी तुम्हाला आलेला दाखवू का नो-शो? आलेला दाखवला तर उद्या कुणी विचारल्यावर उत्तर मी देणार, मला कुठल्या कार्डाचे पॉइंट मिळत नाहीत. बरेच जण दाखवतात, भाडं आलंय ना मग झालं. मी पण दाखवलंय दोनदा. तरी खरं सांगणारा बरा, नोट तरी टाकता येते.

खारे_दाणे | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

सगळं वाचलं. दोनदा वाचलं. काउंटरताई, तुमची पोस्ट बायकोला पण वाचून दाखवली, ती काही बोलली नाही फक्त बघितलं.

ठरवलंय की करायचं तर जाऊन झोपायचं. तिथे छोटा स्विमिंग पूल आहे, मुलांना सुट्टी लागतेय २० तारखेपासून, घेऊन जातो. लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही विमानतळाला जाऊ.

सदाशिव_तिरपा | १६ डिसेंबर, सकाळी ७:००

आवळा देऊन कोहळा काढायला निघाला होतात, आता सहकुटुंब आवळा खायला चाललात.

बेंचवरचा_बाळू | १६ डिसेंबर, सकाळी १०:४४

दाणेसाहेब, तुमचा धागा वाचून मी माझ्या खात्यात जाऊन बघितलं, त्या वेळचे दोन लाखाच्या वर पॉइंट्स अजून पडलेत. परत कुणाला करायचे तेही कळत नाही, क्लायंटची ती विमा कंपनी पण दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. बायकोला मालदीवच्या स्वीटची गोष्ट अजून सांगितलेली नाही.

मावशी_नाशिक | १६ डिसेंबर, सकाळी ११:३०

बाळू, सांग तिला. फार तर हसेल.

खारे_दाणे | ३ जानेवारी २०२६, रात्री ८:१५

धागा अर्धवट ठेवायला नको म्हणून.

२२ आणि २३ ला चौघं गेलो. पूल फ्रेम करून ठेवावा एवढा लहान, पण पाणी गरम होतं, मुलं बाहेरच निघेनात. खिडकीतून विमानं उतरताना दिसत होती, धाकटा रात्री साडेदहापर्यंत मोजत बसला, ४१ झाली म्हणाला. मी म्हटलं माझ्या ऑफिसच्या रात्री पण ४१. त्याला काही कळलं नाही. २८ ला एकटा गेलो, हीटर रात्रभर घरघर करत होता, झोप दोन तास.

२९ ला चेक-इन केलं आणि रात्री नऊला बायकोचा फोन, धाकट्याला १०२ ताप. निघालो. काउंटरवर थांबलो, तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सांगितलं मुलगा आजारी आहे, घरी जातोय, आज रात्री खोलीत कुणी नसेल. त्यांनी कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं, म्हणाले ठीक आहे, नोट टाकली, मुलाला जपा. अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी ५० झाल्या. कार्ड पण आलं.

आता बायको विचारतेय पन्नासावी रात्र तू घरी होतास, ती मोजली कशी. मी तिला म्हटलं चेक-इन करताना माझा हेतू झोपायचा होता. ती म्हणाली हेतूची रात्र का मग.

काउंटर_दोन | ३ जानेवारी, रात्री ८:५०

ताप उतरला का?

खारे_दाणे | ३ जानेवारी, रात्री ८:५२

हो, दोन दिवसात. आता परत पूलला चला म्हणतोय.

सदाशिव_तिरपा | ४ जानेवारी, सकाळी ७:१०

ते सगळं ठीक. चार दिवसांत त्या हॉटेलात ब्रेकफास्टला काय होतं ते सांगा.

खारे_दाणे | ४ जानेवारी, सकाळी ७:३४

वॉफल. पीठ कपात भरून ठेवलेलं असतं, मशीनवर स्वतः करून घ्यायचं. आणि तो तिथे सगळ्यांनाच फुकट असतो, कार्ड नसलं तरी.